शाळा बघायला जाताना

मुलीला स्थळ बघायचे म्हटले की आपण काय काय चौकशा करतो! जागा स्वतःची की भाड्याची, घरात माणसे किती, सासूचा स्वभाव कसा, पाणी किती वेळ येते. आणि तीच मुलगी साडेपाच वर्षांची असताना तिला रोज पाच-सहा तास जिथे ठेवायचे ती शाळा मात्र आपण फाटकावरच्या पाटीवरून, नाहीतर शेजारणीच्या मुलाच्या टायवरून ठरवून टाकतो.

दुसऱ्यांना नावे ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी हेच केले. शाळा पाहिली ती रविवारी, कारण ह्यांना सुट्टी रविवारी. मोकळे मैदान, कडेने अशोकाची झाडे, शांत व्हरांडे. आम्ही दोघेही खूष. जूनमध्ये सोमवारी पाहिले तर त्याच मैदानावर सकाळची शाळा सुटते आहे, दुपारची भरते आहे, नुसती रेटारेटी. आणि त्याच्या वर्गात ६२ डोकी. अहो, रविवारी कुठलीही शाळा चांगलीच दिसते! तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, शाळा बघायची तर भरलेली बघा.

हे सगळे आज आठवायचे कारण गेल्या जानेवारीत आलेले एक पत्र. पश्चिम रेल्वेवरच्या एका उपनगरातून आलेले, मुंबई महापालिकेच्या हद्दीतले. पत्र लिहिणारीने स्वतःचे नाव दिले आहे, पण ते छापू नका म्हणून बजावलेही आहे. तिची मुलगी घराजवळच्या एका खाजगी इंग्रजी शाळेच्या शिशुवर्गात होती. घरी दिवसभर टकळी चालू, जिन्यातल्या मांजराशीसुद्धा गप्पा; आणि शाळेत वर्षभरात एक शब्द नाही. बाईंनी कळवले, "मुलगी बोलत नाही, डॉक्टरांना दाखवा." दाखवले. कान उत्तम, जीभ उत्तम. (अशा वेळी कानाची तपासणी आधी करून घ्यावी, हे मी आईपणाच्या अनुभवाने सांगते. ऐकू कमी येत असेल तर नुसत्या शाळा बदलून काय होणार?) आता पहिलीत घालायचे होते. त्याच शाळेत पुढे न्यायचे तर फी वर्षाला ६८ हजार, बस १८ हजार, गणवेश-पुस्तके-सहली मिळून ९ हजार. "ह्यांचा पगार ३२ हजार. हे म्हणतात पतपेढीतून काढू. सासूबाई म्हणतात, म्युन्सिपाल्टीच्या शाळेत घालणार असाल तर मला गावी पाठवा. ताई, आमच्याकडे तीन शाळा चालत जाण्यासारख्या आहेत. त्यांतली चांगली कुठली, हे कसं ओळखायचं?"

मी पेन्सिल घेऊन बेरीज केली. ९५ हजार. म्हणजे वर्षातले जवळजवळ तीन महिने हा माणूस फक्त पहिलीसाठी कामावर जाणार. फी एका पैशाने वाढली नाही असे धरले तरी दहावीपर्यंत साडेनऊ लाख. आणि फी न वाढणारी शाळा तुम्ही पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

तुमच्यातल्या कोणी म्हणतील, खाजगी शाळेत त्या २५ टक्के जागा असतात ना? असतात. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशवर्गातल्या पाव जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. मध्यंतरी फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून सूट देऊन टाकली होती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्दच केला. पण आपल्याकडे आर्थिक दुर्बल म्हणजे वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या आत. वंचित गटात नसाल आणि महिना ३२ हजार मिळवत असाल, तर ते दार तुमच्यासाठी नाही. मधल्या माणसाची ही नेहमीचीच गंमत आहे.

तेव्हा राहिल्या चालत जाण्यासारख्या तीन शाळा. मी तिला उत्तर लिहायला बसले आणि दोन पाने खरडून फाडून टाकली. न बघता शाळेविषयी काय सांगणार? शेवटी फेब्रुवारीत तीन सकाळी लोकलने जाऊन, तिच्या नि तिच्या मुलीच्या बरोबर तिन्ही शाळा पाहून आले. जे पाहिले ते सांगते. शाळांची नावे सांगत नाही. तुमच्या उपनगरातही अशाच तीन असतील.

पहिली शाळा अनुदानित मराठी. म्हणजे इमारत आणि कारभार एका संस्थेचा, पण शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून. पहिली ते दहावी. कार्यालयाबाहेर मोठा फळा, त्यावर दहावीचा निकाल १०० टक्के. आमच्या पत्रकर्तीचे डोळे तिथेच चमकले. मी कारकुनांना सहज विचारले, "बसली किती होती?" ते म्हणाले, "एकेचाळीस." "आणि हीच मुलं पाचवीत होती तेव्हा किती होती?" ते माझ्याकडे बघतच राहिले. हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो खरा, पण विचारत जा. गळून गेलेल्या मुलांचे टक्के त्या फळ्यावर कधी लिहिलेले नसतात.

शाळा तशी बरी होती, उगाच का नाकारा. स्वच्छ, शिस्तीची, बाई शांत. ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तके एकदम कोरी करकरीत, आणि कपाटाला कुलूप. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले नसले की मला संशय येतो. मुलांच्या हातात पडलेले पुस्तक कोरे कसे राहील? आणि मग दोन गोष्टी अशा झाल्या की आमचे मन थोडे उडाले. एक म्हणजे मुख्याध्यापिकांनी मुलीला समोर उभे करून नाव विचारले, रंग विचारले, आकडे विचारले. मुलगी आईच्या पदरात. बाई म्हणाल्या, "अं... बघू." आणि बाहेर पडताना दुसऱ्या एकांनी हलकेच सुचवले की संस्थेच्या इमारत निधीला काही ऐच्छिक देता आले तर बरे. पावती? "पावतीचं नंतर बघू."

मैत्रिणींनो, या दोन्ही ठिकाणी आपण खाली मान घालतो, म्हणून कायदा नीट सांगते. प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापांची परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार. प्रवेशासाठी देणगी घेतली तर जेवढी घेतली त्याच्या दहापटीपर्यंत दंड. शिवाय देणगीविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९८७ पासून आहे. भांडायला जा असे मी म्हणत नाही. नुसते गोड आवाजात म्हणायचे, "पावती मिळेल ना? ह्यांना ऑफिसात दाखवायची आहे." बहुतेक वेळा ऐच्छिक देणगी तिथल्या तिथे विरघळते.

आणखी एक अडचण होती. या शाळेला जायला चौपदरी रस्ता ओलांडावा लागत होता, तोही सिग्नल नसलेल्या ठिकाणी. घड्याळ लावून चाललो. अंतर १२ मिनिटे, त्यातली ४ रस्त्याच्या कडेला उभे राहण्यात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे कायद्याचे माप आहे. पण ते माप काढणाऱ्याने बहुधा पाऊस, दप्तर आणि दुसरे कडेवरचे मूल धरले नसावे. तुम्ही स्वतः शाळेच्या वेळेला चालून बघा.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या आवारात गेलो. एकाच आवारात दोन शाळा, खालच्या मजल्यांवर मराठी, वरती महापालिकेची 'मुंबई पब्लिक स्कूल', सीबीएसई मंडळाची. हे 'पब्लिक स्कूल' प्रकरण मोठे मौजेचे आहे हो. इंग्लंडात पब्लिक स्कूल म्हणजे श्रीमंतांची खाजगी शाळा, अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी फुकट शाळा, आणि आपल्याकडे इतकी वर्षे पब्लिक स्कूल म्हटले की डोंगरावरचे वसतिगृह आणि घोडेस्वारी. २०२० मध्ये मुंबई महापालिकेने तेच नाव आपल्या शाळांना घेतले. पहिली सीबीएसई शाळा जोगेश्वरीला पूनम नगरात निघाली, २०२१ मध्ये आणखी दहा. सासूबाईंच्या कानाला 'म्युन्सिपाल्टी' टोचते पण 'पब्लिक स्कूल' टोचत नाही, हे महापालिकेने अचूक ओळखले म्हणायचे.

ही शाळा दिसायला तिन्हींत उत्तम. रंगीत भिंती, नवी बाके, पडद्यावर चित्रे दाखवायची सोय. फी नाही. त्यामुळे अर्ज फार, जागा थोड्या, आणि सोडत काढतात. आमच्या पत्रकर्तीने तारीख पाहिलीच नव्हती. तुम्हाला हवी असेल तर डिसेंबरपासूनच चौकशी सुरू करा, मार्चमध्ये जाऊन हळहळण्यात अर्थ नाही. वर्गात आम्ही दारातून पाहिले. बाई इंग्रजीतून एक वाक्य म्हणत होत्या, मुले एका सुरात ते परत म्हणत होती. सूर छान लागला होता. मधल्या सुट्टीत त्यांतल्याच एका मुलाला मी विचारले, "आत्ता बाईंनी काय सांगितलं रे?" तो हसला आणि तेच वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवले.

मी या शाळेला नावे ठेवणार नाही. घरात कोणी रोज इंग्रजीतून चार वाक्ये बोलणारे असेल, अभ्यास घेणारे असेल, तर अशी शाळा फुकट मिळणे म्हणजे लॉटरीच, आणि प्रवेश मिळतो तोही लॉटरीनेच! पण ज्या मुलीने एक वर्ष तोंड मिटून काढले आहे, तिला पुन्हा त्याच भाषेच्या वर्गात बसवायचे का, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असेच म्हटले आहे.

आता खालची मराठी शाळा. खरे सांगते, फाटकातून आत जाताना माझ्याही पायाची गती कमी झाली. मैदानाच्या कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग. आधी आम्ही गेलो ते मुलींच्या स्वच्छतागृहाकडे. तुम्ही हसाल, पण शाळेचे कार्यालय नंतर बघा, हे आधी बघा. कायद्याच्या परिशिष्टातच आहे, मुलांची नि मुलींची स्वच्छतागृहे वेगळी, पिण्याचे सुरक्षित पाणी, मैदान, ग्रंथालय, कुंपण. पण कागदावर 'आहे' म्हणजे वापरता येते असे नव्हे. इथे पाणी होते, फरशी धुतलेली होती. तीन दारांपैकी दोन दारांना कडी नव्हती. चौथीतली एक मुलगी आत आणि तिची मैत्रीण बाहेर दार धरून उभी, असा कार्यक्रम चालला होता. ते बघून आमच्या पत्रकर्तीचा चेहरा उतरला. "मुलगी मोठी झाल्यावर काय ताई?"

तशाच वर गेलो. पहिलीच्या वर्गात २३ मुले. कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक लागतो, सहावी ते आठवीला ३५ मागे. तेव्हा २३ म्हणजे चैनच. (पट कमी असला की दुसरी एक भीती असते, दोन वर्ग एकत्र बसवण्याची. तेही विचारून घ्या. इथे पहिली स्वतंत्र होती.) बाई चाळिशीच्या पुढच्या, याच शाळेत अकरा वर्षे. खुर्ची रिकामी आणि बाई खाली सतरंजीवर. आम्ही दारात उभ्या राहिलो तर त्यांनी आमच्या मुलीला काही म्हणजे काही विचारले नाही. चिंचोक्यांचा एक डबा तिच्यासमोर सरकवला आणि स्वतःच्या कामाला लागल्या. मुलांची दहा-दहाच्या ढिगांची मोजणी चालू होती. पाचेक मिनिटे मुलगी नुसती डब्याकडे बघत बसली. मग एकेक चिंचोका बाहेर काढून ठेवू लागली. आणि मग, शेजारच्या मुलाने सातावरून एकदम नवावर उडी मारली, तेव्हा ही म्हणाली, "आठ राहिला."

तिची आई माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

एवढ्यावर निर्णय करायचा नसतो, हे मलाही कळते. म्हणून आम्ही बाईंच्या परवानगीने तिसरीत गेलो. मी नेहमी एकच परीक्षा करते, आणि ती मुलाची नसते, शाळेची असते. दुसरीच्या पुस्तकातला आठ-दहा ओळींचा धडा तिसरीतल्या पाच मुलांना वाचायला सांगायचा, हुशार म्हणून पुढे केलेल्यांना नव्हे, तर शेवटच्या रांगेतल्या पाचांना. ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नव्हे. १९९५ मध्ये मुंबईतच सुरू झालेली 'प्रथम' संस्था २००५ पासून खेडोपाडी 'असर' नावाची पाहणी करते, तीत साधारण असेच करतात, अक्षर, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' योजनेचे ध्येयही तेच, तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे. आमच्या पाचांपैकी तिघांनी खडखडीत वाचले, एकाने अडखळत, एकाला जमले नाही. ज्याला जमले नाही त्याच्याकडे बघून बाई म्हणाल्या, "हा दिवाळीनंतर आलाय, गावाहून. अजून जोडाक्षरांवर आहे." मला तिघांपेक्षा या उत्तराचेच जास्त बरे वाटले. कोण कुठे अडला आहे, हे त्यांना ठाऊक होते.

मग आपल्या बायकी नजरेने आणखी काही पाहिले. वह्या उघडून पाहिल्या. लाल खुणा नुसत्या 'छान'च्या आहेत की चूक दुरुस्त करून घेतली आहे? ग्रंथालयाची पुस्तके मळलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली होती. शाबास! दुपारची खिचडी पाहिली. पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम धान्य आणि पुढे १५० ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे; वाटप करण्याआधी मोठ्या माणसाने चव घेऊन तशी नोंद करायची असते. नोंदवही मागा, कोणी रागावत नाही. गणित इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून, म्हणजे ज्याला सेमी-इंग्रजी म्हणतात तसे होते. महापालिका दप्तर, गणवेश, बूट, छत्री अशा २७ वस्तू फुकट देते; त्या जूनमध्ये मिळतात की ऑगस्टमध्ये, ते मुख्याध्यापिकेला न विचारता फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना विचारा. आयांना सगळे ठाऊक असते, आणि त्या सांगायलाच उभ्या असतात.

घरी बसूनही थोडी चौकशी होते. प्रत्येक शाळेला यूडायस नावाचा ११ आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव घातले की विद्यार्थी किती, शिक्षक किती, नळ-स्वच्छतागृहे किती ते दिसते. मुलाकडून मोबाइलवर काढून घ्या. पण ती माहिती शाळेनेच भरलेली असते, हे विसरू नका. तिथे कडी नसलेले दारसुद्धा दार म्हणूनच मोजतात.

राहता राहिली एक मोठी उणीव. ही शाळा सातवीपर्यंतच. आणि अनुदानित शाळा दहावीपर्यंत. सासूबाईंचा मुद्दा हाच होता, आणि तो चुकीचा नव्हता. (त्यांचा दुसरा मुद्दा, "तिथे कोणाकोणाची मुलं येतात", त्याला मी उत्तर दिले नाही. त्या सुनेनेच दिले. ती म्हणाली, "आई, माझीच येणार आहे ना?") पण सातवीचा प्रश्न घेऊन आम्ही चहाचे दोन कप संपवले. शाळा एकदा घातली की दहावीपर्यंत तीच, असे आपण का धरून चालतो? सातवी संपेल तेव्हा मुलगी तेरा वर्षांची असेल, चौपदरी रस्ता एकटी ओलांडील, आणि समोर कोणी रंग विचारले तर सांगेलही. त्या अनुदानित शाळेत आठवीला महापालिकेच्या शाळांतली मुले घेतात, हे आम्ही कार्यालयात विचारून आलोच होतो. पट टिकवायला त्यांनाही ती हवी असतात. कुणाला चांगली शाळा म्हणायचे, ते मूल किती वर्षांचे आहे त्यावरही असते. साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी मी प्रयोगशाळा बघत नाही, बाई बघते. तेरा वर्षांच्या मुलीसाठी उलटे करीन.

तिच्या यजमानांचे काय? ते सगळे ऐकून घेत होते आणि एवढेच म्हणाले, "माझ्या साहेबांची मुलं विचारतील तेव्हा काय सांगू?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बापाची लाज ही त्याच्या पगारातूनच आलेली असते. पतपेढीचे कर्ज काढायचे नाही असे ठरल्यावर त्यांनीच महिना दोन हजारांचे आवर्ती खाते मुलीच्या नावे उघडायचे ठरवले. आठवी-नववीला शिकवणी लागली तर, कॉलेजला लागले तर, तेव्हा हाताशी असतील. साहेबांना काय सांगितले ते मला माहीत नाही.

प्रवेशाला जन्मदाखला आणि आधार कार्ड बरोबर नेले. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हिचा वाढदिवस ऑक्टोबरचा. कोणाकडे वयाचा दाखला नसेल तर तेवढ्यासाठी प्रवेश नाकारता येत नाही, हेही कायद्यातच आहे, तेव्हा घाबरून परत फिरू नका.

आणि ती कडी. शाळेत एक शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि सभासदांत निम्म्या बायका. बहुतेक ठिकाणी सह्या घेण्यापुरती नावे घालतात, कारण आपणच सभेला जात नाही. दुपारी सभा, दुपारी घरी कोणीतरी जेवायचे असते. आमच्या पत्रकर्तीने जुलैत स्वतःहून नाव दिले. आत्ता तिचे दुसरे पत्र माझ्यापुढे आहे. मुलगी वर्गात बोलते का, ते बाईंनी अजून सांगितलेले नाही आणि हिनेही विचारलेले नाही. मात्र घरी आल्यावर शेजारच्या मुलीच्या दप्तराला कुठले चित्र आहे ते ती सांगते, आणि खिचडीत वाटाणे किती होते तेही. सासूबाई दुपारी आणायला जातात, फाटकाच्या बाहेर थांबतात, आत जात नाहीत. कड्या अजून बसलेल्या नाहीत. मागच्या सभेत सगळे हो म्हणाले, मग वॉर्डाच्या कार्यालयात अर्ज करायचे ठरले, आणि अर्ज कोणी लिहायचा यावर सभा संपली. तो तिने लिहिला आहे. मला तपासायला पाठवलाय, शुद्धलेखनाच्या दोनच चुका आहेत. पुढची सभा येत्या शनिवारी.